खोस्तचा नूर, वास्कोचा शादाब

अफगाण फिरकी गोलंदाज नूर अहमदचं नाव निघालं आणि आमच्या मित्राने आपलं ठेवणीतलं वाक्य टाकलं, "पोटात आग असली की चेंडू आपोआप वळतो." त्याची भाची समोरच बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, "मग सोमालियात फिरकी गोलंदाज का नाहीत?" तिथून जी जुंपली ती जेवणाची पानं वाढून झाली तरी मिटेना.

दोघांची ओळख करून देतो. मित्राने सारी नोकरी डिचोली तालुक्यातल्या शाळांत शारीरिक शिक्षण शिकवण्यात घालवली. निवृत्तीनंतर तो फोंड्यात क्रांती मैदानाच्या जवळपास स्थायिक झाला. भातकापणी झाली की शेतात ज्या टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात, तिथे पंच म्हणून त्याला अजून बोलावणी येतात. भाची पेडण्याची. फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते, मामाकडे राहते आणि मध्यमगती गोलंदाजी करते. तिच्यामुळे आता आम्हीही त्याला मामाच म्हणतो.

मामा : हसू नकोस गो बाय. खोस्त म्हणजे काय ठाऊक आहे? पाकिस्तानच्या सरहद्दीला चिकटलेला डोंगराळ प्रांत. तिथे २००५ च्या जानेवारीत जन्मलेला पोरगा. पंधराव्या वर्षी ऑस्ट्रेलियात बिग बॅश खेळला. सतराव्या वर्षी देशाकडून पहिला टी-ट्वेंटी सामना, हरारेत, झिम्बाब्वेविरुद्ध, आणि त्यात १० धावांत ४ बळी. आयपीएलमध्ये गुजरातने त्याला ३० लाखांना घेतला होता. तीन वर्षांत चेन्नईने १० कोटी मोजले. २०२५ च्या हंगामात त्याने २४ बळी घेतले. आमच्या पोरांना अकादमी आहे, किट आहे, आई डबा घेऊन बाऊंड्रीवर उभी आहे. तरी कोणी पुढे जात नाही. सतराव्या वर्षी पोर्तुगीज पासपोर्ट काढून युरोपात जायची स्वप्नं बघतात.

भाची : तू रशीद खानची गोष्ट नूरला चिकटवतोस. रशीद नांगरहारचा. लढाईमुळे त्याचं कुटुंब काही वर्षं पाकिस्तानात होतं, हे खरं. त्याच्या आधीची पिढी तर पेशावरजवळच्या काचा गढी छावणीतच क्रिकेट शिकली. पण नूर जन्मला तेव्हा बोर्ड होतं. तो पाच वर्षांचा व्हायच्या आत देशाला एकदिवसीय दर्जा मिळाला होता, बारा वर्षांचा असताना कसोटीचा. १९ वर्षांखालचा विश्वचषक तो दोनदा खेळला. त्यातला पहिला, २०२० चा, पंधराव्या वर्षी. बिग बॅश त्याच्यानंतर. मामा, ही शिडी आहे. एकेक पायरी मोजून दाखवता येते.

मामा : शिडी सगळ्यांनाच असते. चढायला दम लागतो.

भाची : सगळ्यांना नसते, मी तेच म्हणते. तुझ्या शादाब जकातीला होती?

मामा गप्प झाला. भाचीने नेम धरून मारलं होतं. शादाब जकाती हा मामाचा हळवा विषय.

ज्यांना जकाती आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. शादाब जकाती १९८० साली वास्कोत जन्मला. डावखुरा फिरकी गोलंदाज. १९९८-९९ च्या हंगामात, अठराच्या आसपास असताना, तो गोव्याकडून रणजी खेळला. पुढची दहा वर्षं त्याचं नाव गोव्याच्या बाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. २००९ साली निवडणुकांमुळे आयपीएल दक्षिण आफ्रिकेत गेली आणि तिथे चेन्नईच्या पिवळ्या कपड्यांत त्याने लागोपाठच्या सामन्यांत चार-चार बळी घेतले. २०१० च्या अंतिम सामन्यात मुंबईचा पाठलाग ज्याच्या जिवावर चालला होता त्या सचिन तेंडुलकरला ४८ धावांवर बाद केलं ते जकातीनेच. त्या रात्री गोव्यात लोकांना हसावं की हळहळावं कळत नव्हतं. प्रथम श्रेणीत त्याच्या नावावर अडीचशेहून जास्त बळी आहेत. २०१९ च्या अखेरीस तो निवृत्त झाला. भारताकडून एकही सामना नाही.

म्हणजे चेन्नईच्या त्याच पिवळ्या कपड्यांत, त्याच चेपॉकवर, डाव्या हाताने चेंडू फिरवणारे दोन जण. एक अठ्ठाविसाव्या वर्षी लोकांना दिसला, दुसरा विसाव्या वर्षी दहा कोटींचा झाला होता.

मामा : पण दोघांची जात वेगळी. जकाती बोटांनी फिरवायचा, नूर मनगटाने. इकडे बघ.

त्याने कोनाड्यातला टेप गुंडाळलेला टेनिस बॉल काढला, डाव्या हातात धरला आणि मनगट आत वळवून टेबलावर सोडला. चेंडू मीठदाणीला वळसा घालून माझ्या बाजूला आला. दुसऱ्या खेपेला हाताची हालचाल तीच दिसली, पण चेंडू हाताच्या पाठीमागून निसटला आणि उलट बाजूला, भाचीकडे गेला. पहिला उजव्या हाताच्या फलंदाजाच्या आत येणारा, दुसरा बाहेर जाणारा. मामा म्हणाला, नूरचं गमक हे की तो दुसराच जास्त टाकतो, आणि तोही जोरात. फलंदाजाला खेळपट्टीवर बघून खेळायला सवडच मिळत नाही. २३ मार्च २०२५ ला चेपॉकवर सूर्यकुमार यादव पुढे सरसावला, चेंडू बॅटला चुकवून मागे गेला आणि धोनीने डोळ्याचं पातं लवायच्या आत यष्ट्या उडवल्या. सगळ्यांनी धोनीचे हात पाहिले. मामाने चेंडू पाहिला होता.

मामा : ही विद्या दुर्मिळ. म्हणून तो दहा कोटींचा. जकातीसारखे डावखुरे देशात पैशाला पासरी.

भाची : आता तू माझ्याच बाजूने बोलतोयस. पैशाला पासरी म्हणजे काय? रांग मोठी. जकातीच्या पुढे मुरली कार्तिक होता, प्रग्यान ओझा होता, मग रवींद्र जडेजा आला. चेन्नईनेसुद्धा २०१२ च्या लिलावात जडेजावर वीस लाख डॉलर टाकले. आणि दुर्मिळ विद्येचं म्हणशील तर नूर कानपूरला जन्मला असता तर? तिथे कुलदीप यादव आहे. हीच मनगटाची कला, तोही डावखुरा. कुलदीपला पहिली कसोटी मिळाली तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, आणि पुढे किती वर्षं आत-बाहेर चाललं त्याचं. म्हणजे भारतात ही दुर्मिळ विद्या असलेला माणूससुद्धा बाकावर बसतो. त्याच्या मागे उभा राहिलेला सतरा वर्षांचा पोरगा कुठे असता?

मामा : मग काय, गोव्याने वेगळा देश काढायचा?

भाची : तसं नाही. पण गोवा वेगळा संघ असता तर स्वप्निल अस्नोडकर दहा वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळला असता की नाही, खरं सांग.

पर्वरीच्या अस्नोडकरची ती गोष्ट गोव्यातल्या चहाच्या टेबलांवर अजून निघते. २००८ ची पहिली आयपीएल, राजस्थान रॉयल्स, एका बाजूला ग्रॅम स्मिथचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला आमचा बुटका स्वप्निल. ९ सामन्यांत ३११ धावा. पुढच्या वर्षापासून ओहोटी लागली. अफगाणिस्तानच्या सलामीवीराचा एक हंगाम वाईट गेला तर त्याला पुढच्या मालिकेत पुन्हा उभं करतात, कारण दुसरा लगेच हाताशी नसतो. अस्नोडकरच्या जागेला देशभरातून शंभर जण टपले होते. भाचीच्या या मुद्द्याशी मी सहमत आहे. मामा झाला नाही.

मामा : म्हणजे गुणवत्तेला किंमतच नाही? अगो, २०२४ च्या नोव्हेंबरात पर्वरीला काय झालं विसरलीस? अरुणाचलविरुद्ध स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, कश्यप बखले नाबाद ३००. दोघांची ६०६ धावांची भागीदारी. रणजीच्या इतिहासात एवढी कुणाची नाही. कुठल्या निवडसमितीने फोन केला?

भाची : रणजीच्या खालच्या, प्लेट गटात, अरुणाचलविरुद्ध! त्यांचे दोन्ही डाव शंभराच्या आत आटोपले. निवडसमितीने फोन केला नाही यात मला त्यांचा दोष दिसत नाही. पण प्लेट गटातला माणूस मोठ्या गोलंदाजांसमोर कधी येणार? अफगाणांना ते मिळालं. २०२३ च्या विश्वचषकात नूर पहिला सामना खेळला तोच पाकिस्तानविरुद्ध, चेन्नईत. बाबर, रिझवान आणि शफीक, तिघेही त्याचे बळी. अठरा वर्षांचा होता. परीक्षेला बसायलाच मिळालं नाही तर पास कसा होणार?

त्यात आमच्याकडे पाहुणे खेळाडूंची प्रथा. बाहेरच्या राज्यातले दोन-तीन व्यावसायिक घ्यायचे आणि संघ भक्कम करायचा. कधी त्याचं सोनं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये पर्वरीलाच अर्जुन तेंडुलकरने पहिल्या रणजी सामन्यात १२० धावा केल्या तेव्हा दुसऱ्या टोकाला आपला सुयश प्रभुदेसाई २१२ पर्यंत गेला. २०२५ मध्ये यशस्वी जैस्वालसुद्धा मुंबई सोडून गोव्यात यायला निघाला होता, मग त्याने बेत बदलला. मामाला ही वर्दळ खपत नाही. भाची म्हणते, येऊ देत, नेटमध्ये तरी चांगले चेंडू खेळायला मिळतील. हा वाद मी इथे वाढवत नाही, तो दर रणजी हंगामात होतो.

मामाने मग जुनं पान काढलं. दिलीप सरदेसाई. १९४० साली मडगावात जन्म. पोर्तुगीज अंमलात इथे फुटबॉल होता, क्रिकेट जेमतेम. सतराव्या वर्षाच्या सुमारास ते मुंबईला गेले, विल्सन कॉलेजात खेळले, आणि १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये ६४२ धावा करून आले.

मामा : त्यांना कुठली शिडी होती? घर सोडलं आणि गेले.

भाची : शिडी मुंबईत होती, म्हणून मुंबईला गेले. केरीच्या केसरबाई का गेल्या? मंगेशीचे अभिषेकीबुवा का गेले? इथे सूर नव्हते म्हणून? आपल्या फोंडा तालुक्याचं हेच आहे मामा, माणूस इथे जन्मतो आणि मोठा मुंबईत होतो. अफगाण पोरंही तशीच गेली. आधी पेशावरला आणि मग आपल्याकडे. ग्रेटर नोएडा, डेहराडून, लखनौ, ही त्यांची घरची मैदानं झाली. शिकवायला २०१६ मध्ये आपला लालचंद राजपूत गेला, आणि तो असतानाच २०१७ च्या जूनमध्ये त्यांना कसोटी दर्जा मिळाला. मुंबईच्या मैदानावरचं शहाणपण काबूलला पोचलं. भुकेने नाही पोचलं ते.

मामा : आणि तरी पहिली कसोटी बेंगळुरूला दोन दिवसांत हरले. शिडीने नुसतं वर पोचता येतं गो, तिथे टिकायला छाती लागते. २०२३ च्याच विश्वचषकात वानखेडेवर बघ. ऑस्ट्रेलियाचे ९१ धावांत ७ गेलेले, नूरच्या चेंडूवर मॅक्सवेलचा सोपा झेल उडालेला, मुजीबने तो सोडला. मॅक्सवेलच्या तेव्हा ३३ धावा होत्या. पुढे एका पायावर उभा राहून नाबाद २०१. दुसरा संघ असता तर वर्षभर तोंड लपवून बसला असता. यांनी आठ महिन्यांत किंग्सटाऊनला त्याच ऑस्ट्रेलियाला हरवलं आणि टी-ट्वेंटी विश्वचषकाची उपांत्य फेरी गाठली. ही छाती कुठल्या अकादमीत मिळते?

याला भाचीकडे चटकन उत्तर नव्हतं. मलाही वाटतं, इथे मामाचं पारडं जड आहे. मात्र त्याच मामाला लीगच्या पैशाचा भारी राग. २०२३ च्या अखेरीस मुजीब, फारुकी आणि नवीन यांनी देशाच्या करारातून मोकळीक मागितली आणि बोर्डाने त्यांना परदेशी लीगची परवानगी दोन वर्षं रोखण्याची धमकी दिली, हे त्याला पाठ आहे. थोड्याच दिवसांत बोर्ड नरमलं, हेही. नूरने शारजाच्या संघाचा करार पुढे चालू ठेवला नाही म्हणून अमिरातीच्या लीगने त्याच्यावर वर्षभराची बंदी घातली. "देश आधी की दुकान आधी?" मामा विचारतो. भाची म्हणते, ज्याच्या देशात एकही आंतरराष्ट्रीय सामना होत नाही त्याने कुठे खेळायचं ते आपण फोंड्यात बसून ठरवू नये. शिवाय, ती म्हणाली, कसोटीचा पगार पुरला असता तर कुणी दारोदार फिरलं नसतं.

खरी ठिणगी पडली ती शिखा पांडेच्या नावावर. शिखा फर्मागुडीच्याच कॉलेजची, भाचीच्या आधी पंधरा-सोळा वर्षं. गोवा क्रिकेट असोसिएशनकडून पुढे येऊन भारताकडून खेळलेली पहिली मुलगी. २०१४ मध्ये पदार्पण, २०१७ ला लॉर्ड्सवरचा विश्वचषकाचा अंतिम सामना, २०२० ला मेलबर्नचा. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात एलिसा हिलीचा ऑफस्टंपबाहेरून आत घुसून त्रिफळा उडवणारा तिचा चेंडू भाचीच्या मोबाइलमध्ये आहे. उदबत्ती तेवढी लावायची बाकी आहे.

मामा : तेच सांगतो. आधी डिग्री घेतली. मग हवाई दलात अधिकारी झाली. विमानांना रस्ता दाखवायची जोखमीची नोकरी. पाय जमिनीवर ठेवून खेळली. तूही आधी इंजिनियर हो.

भाची : अर्धीच गोष्ट सांगतोस नेहमी. २०१० ला डिग्री झाल्यावर तिला तीन कंपन्यांची नोकरी चालून आली होती. तिन्ही नाकारल्या. म्हणाली, वर्षभर फक्त क्रिकेट खेळणार. हवाई दल त्यानंतर. ते एक वर्ष घरच्यांनी दिलं नसतं तर? आणि हवाई दलाने खेळायला सोडलं नसतं तर? तिच्या गोलंदाजीइतकंच तेही महत्त्वाचं आहे. मला तेवढं एक वर्ष हवंय. बोलशील आईशी?

मामाने विषय बदलला. पाण्याचा तांब्या भरून आणला आणि बसताना म्हणाला, "तुझी शिखा तरी खेळली. तिकडच्या पोरींचं बघ."

हे वाक्य त्याने सहज टाकलं असावं, पण भाची याचीच वाट बघत असल्यासारखी सरसावली. नोव्हेंबर २०२० मध्ये अफगाण बोर्डाने २५ मुलींशी करार केले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलमध्ये आले आणि त्यातल्या बहुतेक जणी देश सोडून ऑस्ट्रेलियात गेल्या. आयसीसीच्या पूर्ण सदस्याने महिलांचा संघ ठेवायचा असतो. अफगाणिस्तानला त्याविनाच पूर्ण सदस्याचा मान आणि पैसा मिळत राहिला. ऑस्ट्रेलियाने त्यांच्याबरोबरची कसोटी पुढे ढकलली, नंतर दोन मालिका रद्द केल्या. २०२५ च्या फेब्रुवारीतला त्यांच्याविरुद्धचा सामना इंग्लंडने खेळू नये म्हणून तिथल्या दीडशेहून जास्त खासदारांनी पत्र लिहिलं. सामना लाहोरला झालाच. इब्राहिम झद्रानने १७७ धावा कुटल्या आणि इंग्लंड ८ धावांनी हरलं.

मामा : बरं झालं खेळले ते. वीस वर्षांच्या पोराने चेंडू टाकला नाही म्हणून तालिबान शाळा उघडणार आहेत? त्या देशात आज लोकांना एकत्र आणणारी एवढी एकच गोष्ट उरली आहे, तीही काढून घ्यायची? आणि ही पोरं अगदीच गप्प नाहीत. मुलींचं वैद्यकीय शिक्षण बंद केलं तेव्हा रशीद खान उघड बोलला, नबी बोलला. घरची माणसं तिथे असताना बोलायला काय लागतं, ते इथे बसून नाही कळायचं.

बहिष्काराच्या बाबतीत मी मामाच्या बाजूचा आहे. ज्याच्या हाती सत्ता नाही त्याला शिक्षा करून आपण सत्तेला धडा शिकवला असं समजणं सोपं असतं, आणि ऑस्ट्रेलियाचंच बघा, मालिका रद्द करतात पण विश्वचषकात गुणांसाठी खेळतात. मी हे बोलून दाखवलं. भाचीने मला मध्येच थांबवलं.

भाची : काका, तुम्ही दोघंही नूरलाच धरून बसलात. मी त्याला खेळू नको म्हणतच नाही. त्याची गोलंदाजी मी रात्री जागून बघते. माझं म्हणणं आयसीसीला आहे. ३० जानेवारी २०२५ ला मेलबर्नच्या जंक्शन ओव्हलवर त्या मुली एकत्र येऊन एक सामना खेळल्या. तीन वर्षांहून जास्त वाट बघून एक सामना. नंतर एप्रिलमध्ये आयसीसीने मदतीची घोषणा केली, त्यात आपलं बोर्डही आहे. मदत ठीक आहे, पण संघ म्हणून मान्यता द्या ना.

मामा : देशाबाहेरच्या संघाला मान्यता? कुठल्या नियमाने? कुणाच्या ध्वजाखाली?

भाची : पुरुषांचा संघ कुठे तयार झाला रे मामा? काबूलच्या मैदानावर? पेशावरच्या छावणीत ना?

मामा : तेव्हा गोष्ट वेगळी होती. छावणीतून पोरं परत गेली, घरचं बोर्ड त्यांच्यामागे उभं राहिलं. या मुलींना परत कोण घेणार?

भाची : म्हणून तर म्हणते, बोर्डाच्या सहीवाचून खेळता येईल असा नियम करा. नूरला पंधराव्या वर्षी जे मिळालं ते या मुलींना पंचविसाव्या वर्षी तरी मिळेल. तुझा जकाती निदान रांगेत उभा राहू शकला.

मामा : आयसीसीत मतं कुणाची? बोर्डांचीच ना? कुठलं बोर्ड आपली सही बिनकामाची करून घेईल?

भाची म्हणाली, ते उद्या बघू, तू आधी आईला फोन लाव.